डोक्यावरून घिरट्या घालून जाणारं ते छोटं विमान

प्रश्न (एक वाचक, देवगड): आमची बोट बाहेर असली की कधीकधी दोन पंख्यांचं एक पांढरं विमान एकदम खाली येतं, एक-दोन घिरट्या मारतं आणि निघून जातं. ते नक्की बघतं काय? जाळ्यात काय आहे तेसुद्धा दिसतं का?

उत्तर: पांढऱ्यावर नारिंगी-निळे पट्टे असतील तर कोस्ट गार्डचं डॉर्नियर, करड्या रंगाचं असेल तर नेव्हीचं, विमान तेच. जाळ्यातली सुरमई त्यांना दिसत नाही, निर्धास्त राहा (रात्री एलईडी लावून मासेमारी चालली असेल तर तो उजेड मात्र फार लांबून दिसतो, आणि ती बंदी आहे हे तुम्हाला माहितीय). विमानाच्या पोटाखाली जो फुगवटा दिसतो ना, त्यात रडार असतं, आसपासच्या बोटी स्क्रीनवर ठिपके होऊन दिसतात. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं ते जहाजाचं नाव, वेग, दिशा सारखं सांगत राहतं, परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना ते सक्तीचंच आहे. आत बसलेला ऑपरेटर ठिपके आणि नावं यांच्या जोड्या लावत बसतो, आणि ज्या ठिपक्याला नाव मिळत नाही तो बघायला विमान खाली येतं. लहान बोटी बऱ्याचदा बिननावाच्याच दिसतात, म्हणून मग जवळ येऊन बोटीवरचा आयएनडी-एमएचवाला नोंदणी नंबर वाचायचा, फोटो घ्यायचा आणि व्हीएचएफवर (बोटीवरचा रेडिओ सेट) १६ नंबरच्या चॅनलला हाक मारायची. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, उत्तर दिलं की विषय संपला. आपले लोक एकतर सेट बंद ठेवतात नाहीतर १६ वरच गप्पा मारत बसतात, ते तेवढं टाळा.

आणि ते विमान फक्त संशय घ्यायला येतं असंही समजू नका. डिसेंबर २०१७ ला ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी तुमच्याच देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या, ९५२ माणसं. ज्या बोटी कुठल्याच बंदराला लागल्या नव्हत्या त्यांना शोधायला हीच डॉर्नियर फिरत होती.

प्रश्न (पुण्याहून): जेट आणि ड्रोनच्या काळात ऐंशीच्या दशकातलं पंख्याचं विमान का वापरतात?

उत्तर: कारण गस्तीला वेग नको असतो, तासन् तास हवेत राहणं हवं असतं आणि तेही परवडेल अशा खर्चात. डॉर्नियर २२८ मूळचं जर्मन, पहिल्यांदा उडालं १९८१ ला, आपल्याकडे एचएएल ही सरकारी विमान कंपनी कानपूरला बनवते. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, १९ सीटचा आकार, छोट्या धावपट्टीवर उतरतं, पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून थेट खाली पाणी दिसतं. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही पण खालूनच उडायचंय तर ती हवी कशाला. पाणबुड्या शोधायला नेव्हीकडे पी-८आय हे मोठं जेट विमान आहे, पण ते रोज ट्रॉलर मोजायला पाठवणं म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला ट्रक काढण्यातला प्रकार. ड्रोन जास्त वेळ हवेत राहतात हे खरं. पण पाण्यात माणूस दिसला तर डॉर्नियरच्या दारातून लाइफराफ्ट खाली टाकता येतो, ड्रोनचं नुसतं रेकॉर्डिंग त्या माणसाच्या काय कामाचं!

प्रश्न (मुंबईची एक विद्यार्थिनी): अशा गस्तीतून मोठं काही पकडलं गेलंय का?

उत्तर: गेलंय ना, आणि अगदी सिनेमासारखं. ऑक्टोबर १९९९ मध्ये अलोंड्रा रेनबो नावाचं जपानी मालकीचं जहाज सुमारे ७,००० टन ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून निघालं आणि चाच्यांनी पळवलं. १७ जणांना राफ्टवर सोडून दिलं, ते पुढे थायलंडच्या मच्छीमारांना सापडले म्हणून वाचले. इकडे जहाजाला नवा रंग, नवं नाव मेगा रामा, झेंडा बेलीझचा. क्वालालंपूरच्या, चाचेगिरीच्या खबरा जमवणाऱ्या केंद्राने सगळीकडे वर्णन पाठवलं होतं, नोव्हेंबरमध्ये तसंच जहाज अरबी समुद्रात दिसलं, कोस्ट गार्डच्या विमानाने हाक मारली तर उत्तर नाही. बेलीझकडे चौकशी केली तर या नावाचं जहाज त्यांच्या यादीतच नाही! मग कोस्ट गार्डची ताराबाई ही गस्ती नौका मागे लागली, नेव्हीची प्रहार ही युद्धनौका आली, गोळीबार झाला आणि १६ नोव्हेंबरला १५ जण हातात आले. विमानाने एकही गोळी झाडली नाही, फक्त नजर ठेवली, जहाज कुठे आहे ते सांगत राहिलं. पुढचं ऐकून मात्र चिडाल, मुंबईच्या कोर्टाने २००३ ला शिक्षा दिली, हायकोर्टात २००५ ला सुटले. चाचेगिरीवर आपला वेगळा कायदा झाला तो थेट २०२२ मध्ये.

प्रश्न (ठाण्याहून): मग २६/११ ला कुबेर कशी आली?

उत्तर: कुबेर पोरबंदरचीच बोट होती, अतिरेक्यांनी ती समुद्रात ताब्यात घेतली. वरून बघणाऱ्याला दिसणार काय, तर आपलीच मासेमारी बोट, आपलाच नंबर, आणि तशा हजारो बोटी पाण्यात. आत कोण बसलंय हे कुठलंही रडार सांगत नाही. म्हणूनच मच्छीमारांची ओळखपत्रं, किनाऱ्यावरची रडारं, बोटींना राज्यागणिक रंग हे सगळं नंतर आलं. कटकट वाटते मान्य आहे, पण विमानाच्या नजरेचं हे भोक खालूनच बुजवावं लागतं.

प्रश्न (सांगलीहून एक आई): मुलीला यात जायचंय, पायलटच व्हावं लागतं का?

उत्तर: नाही हो ताई, मागे बसून रडार आणि सेन्सर बघणारे अधिकारी वेगळे असतात, आणि गस्तीचं अर्धं काम त्यांचंच. ३ ऑगस्ट २०२२ ला पोरबंदरच्या आयएनएएस ३१४ या नेव्हीच्या विमान-तुकडीतल्या पाच महिला अधिकाऱ्यांनी डॉर्नियरवर पूर्ण गस्त स्वतंत्रपणे केली, लेफ्टनंट कमांडर आंचल शर्मा कॅप्टन आणि पायलटमध्ये अपूर्वा गीते. पण धोका आहे हेही घरात बोलून घ्या, मार्च २०१५ मध्ये गोव्याजवळ डॉर्नियर समुद्रात कोसळलं त्यात लेफ्टनंट किरण शेखावत गेल्या, त्याही ऑब्झर्व्हरच, म्हणजे मागे बसणाऱ्या अधिकारीच होत्या.