उन्हाळ्याचे दहा आठवडे: पूर्णवेळ नोकरी, कॅम्प आणि सहली यांचा हिशोब

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. माझे पती एच-१बी (कुशल नोकरदारांसाठीच्या) व्हिसावर असून त्यांचा वार्षिक पगार १,५५,००० डॉलर आहे. मी एच-४ वर (एच-१बी धारकाच्या जोडीदार-मुलांसाठीचा व्हिसा) असून ईएडीच्या (काम करण्याच्या सरकारी परवान्याच्या) आधारे आठवड्याला २० तास, ताशी ४० डॉलरने काम करते. कंपनीने जूनपासून त्याच दराने पूर्णवेळ नोकरी देऊ केली आहे. मुलगा १५ वर्षांचा असून त्याचा जन्म पुण्याचा आहे, तर ८ वर्षांच्या मुलीचा जन्म येथलाच आहे. मुलीच्या डे कॅम्पला आफ्टरकेअरसह (ठरलेल्या वेळेनंतरच्या सांभाळासह) आठवड्याला ५०० डॉलर पडतात, आणि शाळा सुरू झाल्यावर आफ्टरकेअरचे महिन्याला ३५० डॉलर द्यावे लागतील. सासू-सासरे जूनमध्ये तीन महिन्यांसाठी येत आहेत. कॅम्पऐवजी त्यांनाच काही रक्कम देऊन मुलीला सांभाळायला सांगावे, असाही विचार आहे. पाच छोट्या सहलींसाठी ४,००० डॉलर बाजूला काढायचे ठरवले आहे. आमची बचत १४,००० डॉलर, मासिक खर्च ६,५०० डॉलर. माझ्या ईएडीची मुदत ऑक्टोबर २०२६ अखेर संपते. पूर्णवेळ नोकरी घ्यावी, की ती नाकारून उन्हाळा मुलांसोबत घालवावा?

उत्तर: तुम्ही पत्रासोबत जोडलेला हिशोब मी दोनदा तपासला आणि तो बरोबर आहे. पूर्णवेळ कामामुळे उन्हाळ्याच्या दहा आठवड्यांत तुमचा पगार ८,००० डॉलरने वाढेल. तुम्हा दोघांचे एकत्रित उत्पन्न पाहता या वाढीव रकमेवर २२ टक्के केंद्रीय आयकर, ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर आणि ६.३७ टक्के न्यू जर्सीचा कर लागेल, म्हणजे हातात साधारण ५,१२० डॉलर पडतील. त्यातून कॅम्पचे ५,००० गेले की उरतात १२०. एवढ्यासाठी मुलांपासून दिवसभर दूर का राहायचे, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो मनात येणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. तरीही माझा सल्ला नोकरी घेण्याचाच आहे, कारण कंपनीने देऊ केलेली नोकरी उन्हाळ्यापुरती नाही आणि तिचे मोल फक्त उन्हाळ्याच्या आकड्यांवरून ठरवले तर उत्तर चुकेल.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा सुरू झाली की कॅम्पचा खर्च थांबतो, मात्र वाढीव पगार चालूच राहतो. तेथून डिसेंबर अखेरपर्यंतच्या सुमारे १६ आठवड्यांत १२,८०० डॉलर जास्त मिळतील, करानंतर ते ८,२०० च्या आसपास उरतील आणि आफ्टरकेअरचे १,४०० वजा केले तरी ६,८०० डॉलर शिल्लक राहतील. त्याशिवाय पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना तुमची कंपनी ४०१(के) या निवृत्ती-बचतीच्या खात्यात पगाराच्या ४ टक्के भर घालते असे तुम्ही लिहिले आहे. पूर्ण वर्षाच्या ८३,२०० डॉलर पगारावर ती भर ३,३२८ डॉलर होते. ही रक्कम तुमच्या मालकीची होण्यासाठी किती काळ नोकरीत राहावे लागते, एवढे मात्र होकार कळवण्यापूर्वी विचारून घ्या. उन्हाळ्यात हाती काही उरले नाही तरी पुढची सगळी वर्षे या निर्णयावर उभी राहणार आहेत, आणि अर्धवेळ कामातून पूर्णवेळ कामात जाण्याची अशी संधी एच-४ वरील व्यक्तीकडे दर वर्षी येत नाही.

आता उन्हाळ्याचा खर्च कमी कसा करता येईल ते पाहू. तुमच्या हिशोबात डिपेंडंट केअर एफएसएचा, म्हणजे कंपनीमार्फत उघडल्या जाणाऱ्या सांभाळ-खर्चाच्या खात्याचा, उल्लेख नाही, आणि माझ्या मते सर्वात मोठी बचत तेथेच दडलेली आहे. दोघेही आई-वडील काम करत असतील, तर १३ वर्षांखालील मुलांच्या सांभाळाचा खर्च या खात्यातून करपूर्व पगारातून भागवता येतो. त्याची वार्षिक मर्यादा अनेक वर्षे ५,००० डॉलर होती, ती २०२६ पासून ७,५०० झाली आहे. डे कॅम्पचा खर्च यात बसतो, मग तो कॅम्प पोहण्याचा असो, बुद्धिबळाचा असो की रोबोटिक्सचा. रात्रीच्या मुक्कामाचा कॅम्प मात्र बसत नाही, त्यामुळे मुलीला ज्या निवासी कॅम्पची ओढ लागली आहे तो यंदा नको असे मी म्हणेन. न्यू जर्सी राज्य आपल्या करात या कपातीला सूट देत नाही, तरीही केंद्रीय कर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर मिळून प्रत्येक डॉलरमागे २९.६५ सेंट वाचतात. एफएसए न घेता विवरणपत्रात चाइल्ड अँड डिपेंडंट केअर क्रेडिट (सांभाळाच्या खर्चावर करात मिळणारी सूट) घेतले, तर एका मुलाच्या फक्त ३,००० डॉलर खर्चावर, तुमच्या उत्पन्नगटात २० टक्के दराने, ६०० डॉलर मिळतील. एफएसएत ३,००० किंवा त्याहून अधिक रक्कम टाकली की हे क्रेडिट उरत नाही, म्हणून दोहोंतून एकाची निवड करावी लागते, आणि तुमच्या बाबतीत ती एफएसएचीच असावी.

किती रक्कम टाकावी, यावर थोडे थांबून विचार करायला हवा, कारण या खात्यात न वापरलेले पैसे बुडतात. मुलीला दहाऐवजी आठ आठवडे कॅम्पला पाठवावे असे मी सुचवतो (उरलेल्या दोन आठवड्यांबद्दल पुढे लिहितो). कॅम्पचे ४,००० आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आफ्टरकेअरचे ७०० मिळून ४,७०० डॉलर टाका. नोव्हेंबर-डिसेंबरचे ७०० मी मुद्दाम धरलेले नाहीत. तुमचे ईएडी वेळेवर आले नाही तर तुमचे काम थांबेल, आणि एका पालकाचे काम थांबले की त्या काळातील खर्च सहसा या खात्यातून मागता येत नाही. वाचणारा कर साधारण २०८ डॉलर आणि बुडू शकणारी रक्कम ७००, असा तो सौदा आहे आणि तो मला पटत नाही.

ही सोय पतीच्या कंपनीतून घेता येईल. वर्षाच्या मध्यात रक्कम बदलता येत नाही हा सर्वसाधारण नियम असला, तरी जोडीदाराच्या कामाच्या स्वरूपातील बदल किंवा सांभाळाच्या खर्चातील बदल हे त्याला मान्य असलेले अपवाद आहेत. बहुतेक कंपन्या त्यासाठी बदलाच्या तारखेपासून साधारण ३० दिवसांची मुदत देतात, म्हणून पतींनी आपल्या एचआर विभागाशी तुमची पूर्णवेळ नोकरी सुरू होण्यापूर्वीच बोलून ठेवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. या खात्यातून पैसे परत मिळतात ते कॅम्पचा आठवडा प्रत्यक्ष पार पडल्यावर, आणि तेही तोवर पगारातून जेवढे कापले गेले असतील तेवढेच. कॅम्पवाले मात्र पैसे आगाऊ घेतात. त्यामुळे जून-जुलैत कॅम्पची रक्कम आधी बचतीतून जाईल आणि डिसेंबरपर्यंत हप्त्याहप्त्याने परत येईल. आठ आठवड्यांचा कॅम्प आणि एफएसए धरून पुन्हा गणित मांडले, तर उन्हाळ्यातील शिल्लक १२० वरून सुमारे २,३०० डॉलरवर जाते.

सासू-सासऱ्यांना पैसे देऊन मुलीला सांभाळायला सांगण्याचा विचार कृपया पूर्णपणे सोडून द्या. ते बी-२ (पर्यटक) व्हिसावर येत आहेत आणि त्या व्हिसावर मोबदला घेऊन कोणतेही काम करता येत नाही, मग ते स्वतःच्या नातीला सांभाळण्याचे का असेना. मोबदला नसला तरी विमानतळावरील अधिकाऱ्याने येण्याचे कारण विचारल्यावर ‘नातीला सांभाळायला आलो’ असे उत्तर दिल्यास निष्कारण गुंता होऊ शकतो. ते मुलाला, सुनेला आणि नातवंडांना भेटायला येत आहेत, हेच खरे आहे आणि तेच असू द्यावे. नियम बाजूला ठेवले तरी, परक्या देशात, गाडी चालवता येत नसताना, आठ वर्षांच्या मुलीला दहा आठवडे दिवसभर गुंतवून ठेवणे हे त्या वयाच्या माणसांवर टाकलेले ओझेच ठरेल. त्यांच्या प्रवासी आरोग्यविम्यात आधीपासूनच्या आजारांना किती संरक्षण आहे हे बारकाईने वाचा. तेथे दोनशे डॉलर वाचवण्याचा मोह टाळा, कारण येथील इस्पितळाच्या एका रात्रीत तुमची सगळी बचत जाऊ शकते.

मात्र आजी-आजोबा घरात असताना नात दहाच्या दहा आठवडे कॅम्पमध्ये असावी, हेही मला बरोबर वाटत नाही. उरलेल्या दोन आठवड्यांपैकी एका आठवड्यात पतींनी पगारी रजा घ्यावी, आणि दुसऱ्यात त्यांनी घरून काम करावे. सांभाळण्याची जबाबदारी पतींची, आणि आजी-आजोबांचा सहवास मुलांचा. या दोन आठवड्यांत मुले जेवढे मराठी बोलतील आणि ऐकतील, तेवढे कोणत्याही कॅम्पमध्ये मिळणार नाही.

मुलाबद्दल थोडे स्पष्ट लिहावे लागेल. त्याला त्याच कॅम्पमध्ये पगारी मदतनीस व्हायचे आहे आणि त्याचे वर्गमित्रही ते करणार आहेत, असे तुम्ही लिहिता. एच-४ वरील मुलांना येथे पगारी काम करता येत नाही. ईएडीची सोय एच-४ वरील जोडीदारांसाठी आहे, मुलांसाठी नाही. शेजाऱ्यांकडे रोखीने केलेले बेबीसिटिंगही त्याच नियमात येते, आणि पुढे ग्रीन कार्डच्या टप्प्यावर त्याची अडचण होऊ शकते. येथे जन्मल्याने अमेरिकन नागरिक असलेली त्याची बहीण काही वर्षांनी हेच काम बिनदिक्कत करू शकेल, ही तफावत त्याला बोचणार. म्हणून त्याला कारणासकट सगळे समजावून सांगा. पंधरा वर्षांच्या मुलाला ते कळते. सार्वजनिक वाचनालयात किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेत विनामोबदला स्वयंसेवक म्हणून तो काम करू शकतो, आणि कॉलेजच्या अर्जात त्या कामाचीही नोंद होते.

सहलींचे ४,००० डॉलर मला जास्त वाटतात. तुमची बचत जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. एच-१बी वरील माणसाची नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आणि तुमचा एच-४ व त्यावरचे ईएडीही पतीच्या व्हिसाशीच बांधलेले आहे. अशा घराला निदान चार ते सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी हवी. म्हणून पाचऐवजी तीन सहली करा आणि त्यांच्यावर मिळून १,८०० डॉलरची मर्यादा घाला. ४ जुलै यंदा शनिवारी येत असल्याने शुक्रवारची ३ तारीख बहुतेक कार्यालयांना सुट्टीची असेल, पण त्या तीन दिवसांत आणि लेबर डेच्या सुट्टीत हॉटेलांचे दर चढलेले असतात, तेव्हा ते दिवस घरच्या पाहुणचारासाठी ठेवलेले बरे. समुद्रासाठी वाइल्डवूडला जा. न्यू जर्सीच्या बऱ्याच किनाऱ्यांवर बॅज (प्रवेशाचे पास) विकत घ्यावे लागतात, वाइल्डवूडला घ्यावे लागत नाहीत. डेलावेअर वॉटर गॅप तर सकाळी निघून रात्री घरी परतण्यासारखे आहे. नायगारा अमेरिकेच्या बाजूनेच पाहा. पलीकडे जायचे तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो, त्याला माणशी १०० कॅनडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे शुल्क वेगळे, आणि परत येताना तुमच्या अमेरिकन व्हिसाच्या कागदपत्रांचा प्रश्नही उभा राहतो. सीमेजवळ जाताना सर्वांचे पासपोर्ट आणि मुलगी सोडून बाकीच्यांचे आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद) सोबत असू द्या.

सर्वात महत्त्वाचे काम ईएडीच्या नूतनीकरणाचे आहे. पूर्वी अर्ज वेळेत केला असेल तर जुन्या ईएडीला आपोआप ५४० दिवसांपर्यंत मुदतवाढ मिळत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी ती सोय बंद झाली आहे. पतीचा एच-१बी वाढवण्याचा अर्ज वेळेत गेला असेल, तर निर्णय होईपर्यंत ते २४० दिवस काम करू शकतात; तुम्हाला मात्र नवे कार्ड हातात येईपर्यंत एक दिवसही काम करता येणार नाही. अर्ज मुदत संपण्यापूर्वी १८० दिवसांपर्यंत करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी ती वेळ मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. त्याच आठवड्यात अर्ज जाईल अशी तयारी वकिलांकडून करून घ्या. ही जोखीम अर्धवेळ नोकरीतही तेवढीच आहे, त्यामुळे पूर्णवेळ नोकरी नाकारण्याचे ते कारण होऊ शकत नाही. मात्र तुमच्या कंपनीला ही तारीख आत्ताच कळवा आणि नोव्हेंबरात काही आठवडे बिनपगारी रजा देता येईल का, हे लेखी विचारून ठेवा. वाढीव पगारातून दर पंधरवड्याला उरणारी रक्कम जूनपासूनच वेगळ्या बचत खात्यात वळती करा, आणि दोघेही आपापले डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणारा फॉर्म) नव्याने भरून द्या, म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये कराची मोठी रक्कम एकदम भरावी लागणार नाही.

रजेबाबत कंपनीचे उत्तर नकारार्थी आले, तर होकार कळवण्यापूर्वी मला पुन्हा लिहा. तेव्हा पूर्णवेळ काम नवे कार्ड आल्यानंतर सुरू करणे आणि तोवर आहे तेच अर्धवेळ काम चालू ठेवणे, हा पर्याय आपल्याला आकड्यांनिशी तपासावा लागेल.