काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे

प्रश्न: माझी काळी गाडी ३ वर्षांची आहे, कोपरखैरण्याला सोसायटीत उघड्यावर उभी असते. उन्हात बघितलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. पॉलिशिंग मशीन घेऊन घरीच करू का?

उत्तर: करा की, पण आधी रोज सकाळी गाडीवर सुकं फडकं मारत असाल तर ते बंद करा, कारण असे ओरखडे बहुतेक त्यानेच पडतात. ठाणे-बेलापूर रोडची धूळ रात्रभर बसते आणि सुक्या फडक्याने पुसलं की ती सॅंडपेपरसारखी घासली जाते, माझ्याही गाडीचं असंच झालं होतं आणि खरंच जीव हळहळला. धुताना दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला.

धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हळूच फिरवा, खरखर लागली तर आधी क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवा, भरपूर लुब्रिकंट (ती घसरावी म्हणून मारायचा स्प्रे) मारून.

मशीन ड्युअल अॅक्शनचंच घ्या, म्हणजे ज्याचं पॅड फिरता फिरता हलतंही; रोटरी, म्हणजे नुसतं एका जागी गोल फिरणारं, नवख्याच्या हातात पेंट जाळू शकतं. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग), पॉलिश म्हणजे त्यातलाच थोडा थर काढणं, म्हणून सॉफ्ट पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने एका कोपऱ्यात ट्राय करा, तेवढ्याने भागलं तर कंपाउंडला (जास्त घासणाऱ्या पॉलिशला) हातच लावू नका. नखाला लागणारा ओरखडा सोडून द्या, तो पॉलिशने जात नाही. शेवटी सीलंट (पेंटवर बसणारा सिंथेटिक संरक्षक थर) लावा, पावसाळ्यात वॅक्सपेक्षा तेच जास्त टिकतं. आणि हे सगळं सावलीत, गार पत्र्यावर.