कुत्रा वस्तू तोंडात धरून पळतो, आणून देत नाही. वावरात कसं शिकवू?

आधी त्याच्या मागे धावणं बंद करा. तुम्ही धावलात की त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो.

शिकवणी उलट्या टोकाकडून सुरू करा, फेकणं सगळ्यात शेवटी. जुन्या दुपट्ट्याला घट्ट गाठी मारून तोंडात द्या, मग उकडलेल्या अंड्याचा तुकडा नाकाशी धरून 'दे' म्हणा. दुपट्टा सुटला की तुकडा लगेच द्या. हे पक्कं झालं की दुपट्टा दोन पावलांवर ठेवा, हळूहळू अंतर वाढवा. तरी पळालाच तर पट्ट्याला लांब दोर बांधा, पण ओढू नका. तुम्हीच उलट दिशेला चालू लागा, बहुतेक कुत्रे मागे येतात.

फेकायला दगड नको, दात तुटतात. पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) काडीही नको, ती तोंडात घुसते.

मला खरी काळजी फवारणीची वाटते. उचलून आणायची सवय लागलेला कुत्रा कपाशीच्या धुऱ्यावर पडलेला कीटकनाशकाचा डबाही उचलेल, आणि त्यात जीव जाऊ शकतो. त्याला फवारलेल्या वावरात मोकळं सोडूच नका. रिकामे डबेही उघड्यावर टाकू नका.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सराव पहाटेच, पाचेक मिनिटं.