वाळूचं वादळ की धुळीचं?

प्रश्न असा आला : सुदानवरच्या लेखाच्या अनुवादात खार्टूमच्या 'हबूब'ला 'वाळूचे वादळ' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'धुळीचे वादळ' केलं. वाळवंटात वाळूच असणार ना, मग धूळ कशी?

संपादकांचं बरोबर आहे. साक्ष आपल्या भाषेतच आहे : पायाखालची वाळू 'सरकते', धूळ मात्र डोळ्यांत 'फेकतात'. वाऱ्याचं गणितही तेच सांगतं. साधारण ०.०६ ते २ मिलिमीटरचा कण म्हणजे वाळू, त्याहून बारीक ती धूळ. वाळूचा कण जड. वाऱ्याने उचलला की थोडा वर जातो, आपटतो, पुन्हा उडी मारतो. सहसा मीटर-दीड मीटरच्या वर जातच नाही. राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने लिबियाच्या वाळवंटात भटकून आणि पुढे प्रयोगशाळेत बोगद्यातून वारा सोडून या उड्या मोजल्या. त्याचं पुस्तक १९४१ चं. शाळेच्या भूगोलातला भूछत्र खडक आठवा. त्याची मानच बारीक का? वाळूचा मारा तेवढ्याच उंचीवर बसतो म्हणून. कोकणात भर वाऱ्याच्या दुपारी किनाऱ्यावर उभे राहा, नडग्यांना सुया टोचतील, तोंडाला काही नाही. (खाली बसून डबा उघडलात तर मात्र भाकरीत कचकच ठरलेली.)

पण वाळू अगदीच निर्दोष नाही. बारीक धूळ एकमेकींना चिकटून जमिनीलगत बसलेली असते, नुसता वारा तिला सहजी हलवत नाही. वाळूचे कण येऊन आदळतात तेव्हा ती सुटते. उड्या वाळूच्या, प्रवास धुळीचा! चाडमधल्या बोडेले या खोलगट भागात हे फार मोठ्या प्रमाणावर चालतं. तिबेस्ती आणि एन्नेदी या डोंगरांच्या फटीतून घुसणारा वारा तिथल्या आटलेल्या प्राचीन सरोवराचा तळ खरवडतो, आणि ती भुकटी अटलांटिक ओलांडून पार ॲमेझॉनच्या जंगलात पडते. वाळूला हे जन्मात जमणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबईत गाड्यांवर पांढरट थर बसला होता. मी बोट फिरवून पाहिलं, पिठासारखा मऊ. त्याला वाळू कोण म्हणेल?

आता 'हबूब'. मूळ अरबी, वारा वाहण्याच्या धातूवरून आलेला. गडगडाटी ढगातून थंड हवा धाडकन खाली कोसळते, जमिनीवर पसरते आणि पुढ्यातली धूळ उभी करत चालते. म्हणून मी तरी 'धुळीची भिंत' लिहीन, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'हबूब' तसाच ठेवीन. 'वावटळ' नको, ती गरगर फिरते. ही सरळ चाल करून येते. 'धुरळा'ही तोकडा पडतो, तो एसटीमागे उडतो आणि बसतो. 'फुफाटा' तर रस्त्यावरच, पाऊल रुतेल असा. उपग्रहाच्या छायाचित्रात समुद्रावर पसरलेला पट्टा दिसतो, त्याला 'धुळीचे लोट' चपखल.

तुमचं वाक्य मग असं होईल : 'दुपारी खार्टूमवर धुळीची भिंत चालून आली आणि दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले.' 'वाळूचे वादळ' राखून ठेवा ते नडग्या सोलणाऱ्या वाऱ्यासाठी.