नजर तयार होते ती झोपेत

प्रश्न : द्राक्षाच्या पानावरचे केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग पटकन ओळखायला शिकतोय. रात्री दोनपर्यंत फोटो बघतो, तरी शेवटी चुका वाढतातच. असं का?
– एक वाचक, दिंडोरी, जि. नाशिक

उत्तर : एकच दृश्य पुन्हापुन्हा पाहिलं की दृष्टीचा तो भाग थकतो आणि अचूकता घसरते. मेहनत वाया जात नाही, पण तिचं फळ झोपेनंतर दिसतं. आडव्या रेषांतल्या तिरक्या रेषा ओळखण्याच्या प्रयोगात (स्टिकगोल्ड व सहकारी, 2000) सरावानंतरची पहिली रात्र जागून काढलेल्यांत, पुढे दोन रात्री झोपूनही, सुधारणा दिसली नाही. ही पहिली रात्र सांभाळाच! सहा तासांपेक्षा जास्त झोपलेल्यांनाच लाभ झाला. सुरुवातीची गाढ झोप आणि पहाटेची स्वप्नांची झोप, दोन्ही लागतात. पहाटे चारचा गजर नेमकी दुसरी कापतो.

संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं फोटो बघा, उत्तर लगेच पडताळा. पानाची खालची बाजूही बघा: केवड्यात वर तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी बुरशी, भुरीत राखेसारखी पावडर. मग सात-आठ तास झोप. दुपारी तास-दीड तासाची झोपही उपयोगी पडते.