टॅब सहा, मुलं चोवीस

प्रश्न : माझ्या दुसरीच्या वर्गात 24 मुलं आहेत. शाळेला देणगीत सहा टॅब मिळालेत. ते काढले की ओढाओढी सुरू होते आणि दहा मिनिटांत निम्मे टॅब भलतंच काहीतरी दाखवत असतात. काय करावं?
– एक शिक्षिका, दिंडोरी तालुका

उत्तर : बाई, सगळ्या वर्गाला एकदम टॅब देऊच नका. एका टॅबवर दोघं, म्हणजे 12 मुलं टॅबवर आणि उरलेली 12 तुमच्यापुढे सतरंजीवर पाटी-पुस्तक घेऊन. 15 मिनिटांनी अदलाबदल. एका टॅबवर तिसरं मूल बसवलं की ते नुसतं बघ्या होतं.

काम मात्र व्हिडिओ बघण्याचं नको. मुलाला त्याचं स्वतःचं वाचन ऐकवता येणं, ही टॅबची खरी करामत, आणि त्यासाठी आत असलेला साधा व्हॉइस रेकॉर्डर पुरतो. एकानं पाठातल्या पाच ओळी वाचायच्या, दुसऱ्यानं रेकॉर्ड करायच्या. मग दोघांनी ऐकायचं. ऐकताना वाचणाऱ्याचं बोट पुस्तकातल्या शब्दाखाली हवं; गाळलेला शब्द, 'प्रकाश'चा झालेला 'पकाश' त्याचा त्यालाच सापडतो. त्याच ओळी पुन्हा वाचून दुसरं रेकॉर्डिंग करायचं, मग पाळी बदलायची. सुरुवातीला हजेरी क्रमांक बोलायला लावा, फाइलला नाव देण्याची कटकट वाचते. रोज चार-पाच मुलांचं तुम्ही ऐकलंत तरी आठवड्यात वर्ग पुरा होतो.

यात दोन गोष्टी हमखास फसतात. जोड्या जवळजवळ बसल्या की शेजारच्याचाच आवाज भरतो, म्हणून ओट्यावर सहा-सात फुटांवर बसवा आणि टॅब तोंडापासून वीतभर अंतरावर धरायला सांगा. दुसरं, मुलं पाठ झालेला मजकूर घडाघडा म्हणतात. शंका आली तर शेवटची ओळ आधी वाचून घ्या. वाचन ऐकून चांदण्या देणारी ॲपही आहेत, पण घरची बोली वेगळी असलेल्या मुलाचं बरोबर वाचनही ती चूक ठरवू शकतात. त्या चांदण्या प्रगतिपुस्तकात नेऊ नका.

भटकंती थांबवायला वाय-फाय बंद ठेवा आणि सेटिंग्जमध्ये 'पिन' शोधून 'ॲप पिनिंग' सुरू करा (काही टॅबवर त्याला 'स्क्रीन पिनिंग' म्हणतात); म्हणजे टॅब एकाच ॲपवर अडकून राहतो. त्यातलाच 'अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा' हा पर्याय विसरू नका. तो नसेल तर ठरावीक बटणं दाबून धरली की सुटका होते, आणि ही युक्ती मुलांना आपल्याआधी कळते! मग रेकॉर्डर उघडा, अलीकडच्या ॲपच्या यादीत त्याच्या चिन्हावर बोट टेकवा, 'पिन' निवडा.

प्रश्न : पेठमधल्या आमच्या शाळेत नेटवर्क नाही. पुस्तकातले क्यूआर कोड वापरायचे कसे?
– एक शिक्षक

उत्तर : नेटवर्क मिळेल तिथे, नाशिकला येणं झालं की, 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपमधून पुढच्या महिन्याचे कोड स्कॅन करून साहित्य डाउनलोड करून ठेवा. वर्गात ते ॲपच्या डाउनलोड विभागातून उघडतं. कोड वाचला जात नसेल तर आधी लेन्स पुसा. लहान बोटांचा तेलकटपणा तिथेच बसतो. तरीही जमेना, तर कोडसोबत छापलेली सहा अक्षरं-अंक टाइप करा. निघण्याआधी टॅब विमान मोडवर टाकून एकेक फाइल उघडून बघा, कारण अर्धवट उतरलेली फाइल वर्गातच दगा देते.

प्रश्न : सुट्टीनंतर दोन टॅब चालूच झाले नाहीत, एकाची पाठ फुगली आहे. कारण काय?
– एक मुख्याध्यापक, निफाड तालुका

उत्तर : बॅटरी जवळपास संपलेली असताना टॅब कपाटात गेले असावेत. लिथियम बॅटरी महिनोन्‌महिने शून्यावर राहिली की मरते. मे महिन्यात ठेवताना निम्मं चार्जिंग करून पूर्ण बंद करा. न फुगलेला टॅब मूळ चार्जरला तासभर लावून बघा, कधी कधी तो जागा होतो. फुगलेला मात्र लावू नका, दाबू नका, टाचणीने टोचू तर मुळीच नका. वेगळा काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

बॅटरी फुगण्यामागे अनेकदा उष्णता असते. दहा वॅटचे सहा चार्जर म्हणजे जेमतेम 60 वॅट, बोर्डाला ते जड नाही. पण कव्हरसकट एकावर एक रचून कपाटात चार्जिंगला लावले तर उष्णता जाणार कुठे? तुमच्याकडे द्राक्षांचे जाळीदार प्लॅस्टिक क्रेट मिळतात. त्यात टॅब कव्हर काढून उभे ठेवा, मध्ये पुठ्ठ्याचे कप्पे करा आणि वायरी जाळीतून बाहेर काढा. क्रेट उन्हाच्या खिडकीशी नको.