खाजण म्हणजे रान की शेत?

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या गुहागरकडे खाजण म्हणजे खाडीकाठचं तिवराचं रान. गोव्याची मैत्रीण मात्र भातशेतीला खाजन म्हणते. बरोबर कोण?’

दोघीही. खाजण हे झाडाचंही नाव नव्हे, पिकाचंही नव्हे. भरतीचं खारं पाणी पोचतं ती खाडीकाठची सखल जमीन म्हणजे खाजण. तिथे काय उगवणार, ते बांधावर ठरतं. बांध नसला तर तिवर, चिप्पी, कांदळ ही खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं (मॅन्ग्रोव्ह). बांध घातला, भरती अडवली, पावसाने खार धुऊन निघाला, की भात. गोव्यात अशा जमिनीत कोरगुट हा खार सोसणारा भात पिकतो आणि बांधातल्या दाराला ‘मानस’ म्हणतात. रायगडात खारेपाटात, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, त्याच दाराला ‘उघाडी’ म्हणतात.

खरी गंमत खेकड्याची. तिवरात तो गाळातला नांगऱ्या. पडलेली पानं बिळात ओढून नेतो, चिखल उकरतो, मुळांशी हवा खेळवतो. तोच बांधात शिरला की चोर! बीळ दिसलं की बुजवा, नाहीतर उधाणात तिथेच खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडायची. खेकडा जे तिकडे करतो तेच इकडेही करतो, मधे आपण बांध घातला एवढंच. (२०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवरच खापर फोडलं होतं. ते गोड्या पाण्यातले, पण बदनामी सगळ्या जातीची झाली.)

तिवराचंही तसंच. पूर्वी ते सरपण आणि गुरांचा पाला. आता किनाऱ्याचा राखणदार, २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून तोडायला बंदी. त्यामुळे खांड वेळेत बुजवली नाही की शेतात तिवर उभा राहतो, आणि मग स्वतःच्या सातबाऱ्यावरचं झाड शेतकऱ्याला तोडता येत नाही. खारेपाटातल्या माणसासमोर तिवराच्या रानासाठीचा ‘कांदळवन’ हा सरकारी शब्द जरा जपूनच काढावा.

वापराबद्दल एकच सांगतो. शब्द नपुंसकलिंगी: ते खाजण, ती खाजणं. ‘खाजण तोडलं’ असं हल्ली छापून येतं, ते चूक. तोडतात तिवरं. खाजण भराव टाकून बुजवतात.